लेकीसाठी धरण निवडताना

प्रलयाच्या पाण्यात मत्स्यरूप घेऊन ज्यानं मनूची नाव पैलतीराला नेली, त्या श्रीहरीला आधी नमस्कार! आजच्या कथेत नाव आहे, पाणी आहे, मासाही आहे... फक्त तो मासा नेमका कुठल्या पाण्यात आहे, तेवढं त्या दयाघनानं कुणाला सांगितलेलं नाही.

आणि तीच तर तक्रार आहे! देवा, केंटकीच्या या डोंगराळ मुलखात वाहतं पाणी दिसलं की धरण आणि धरण दिसलं की होडी, असा सगळा थाट तू मांडलास, मग त्या बापड्या वेंडेल प्रुइटनं शनिवारी लेकीला घेऊन कोणत्या धरणावर जावं, एवढं त्याच्या कानात सांगायला तुझं काय जात होतं? काय जात होतं, मी म्हणतो!

तुम्हाला सांगतो, माणूस वाईट नाही हो. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मनापासून आणि बेसूर गातो, कुणाची गाडी चिखलात रुतली तर जेवणाच्या ताटावरून उठून जातो. घरी एकटाच. लेक, डार्सी, लुईव्हिलला आईपाशी असते आणि एका आठवड्याआड बापाकडे येते. आता बापानं लेकीला काय दाखवावं? बापाला येतं ते! आणि वेंडेलला येतं काय? बास मासा गळाला लावणं. गेल्या दोन खेपांना नेलं तिला मोठ्या हौसेनं. आणि दोन्ही खेपांना दिवसभर होडीत बसून पोरीच्या पदरात काय पडलं? उन्हानं सोललेलं नाक!

म्हणून या खेपेला तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं. "डॅडी, मी येईन. पण याही वेळी काही लागलं नाही ना, तर मग शनिवारी मी पोहायच्या वर्गाला जाणार. आई माझं नाव घालायचं म्हणते आहे."

"लागेल गं! का नाही लागणार?"

"एकच मासा, डॅडी. एवढासा असला तरी चालेल. पण लागायला हवा."

एवढासा असला तरी चालेल! ऐकलंत ना? तुम्ही ऐकलंत, भिंतीनं ऐकलं, खुंटीवरच्या टोपीनं ऐकलं. वेंडेलनं ऐकलं नाही! त्याच्या कानात 'मासा' एवढाच शब्द शिरला, आणि कानापासून काळजापर्यंत पोचेतो त्या माशाचं वजन आठ पौंड झालं. अहो, मनाचं असंच असतं. संतमंडळी उगाच का रात्रंदिवस त्याला आवरत बसली! मोठ्ठा मासा लागेल, लेक किंचाळेल, फोटो निघेल, मग पोहण्याचा वर्ग कसला आणि काय कसलं... बाप जिंकला! आणि नाही लागला तर? नाही लागला तर यापुढे दर शनिवारी घरात हा एकटा, समोर दोन गळकाठ्या, आणि त्यातली एक आखूड. सगळं येऊन अडलं कशावर? धरण कोणतं?

विचारावं कुणाला तरी, असं तुम्ही म्हणाल. विचारावं! पण तुम्हाला ठाऊक नाही का या मुलखाचा आचार? इथला माणूस देवाशी खोटं बोलणार नाही, बायकोशी बेतानं बोलेल, पण बास मासा कुठं लागतो असं विचारलंत, की भला सात्त्विक गृहस्थसुद्धा तुमच्या डोळ्यांत डोळे घालून अशी थाप मारेल, की तिला देवघरात ठेवून हळदकुंकू वाहावं! बरं, मासा पकडून हे करतात काय? तोलतात, फोटो काढतात, आणि परत पाण्यात सोडून देतात! फळाची आसक्ती नाही... पण जागेची? प्राण गेला तरी सांगणार नाहीत. खुद्द वेंडेलचंच घ्या. सख्ख्या मेहुण्यानं विचारलं, तर हा म्हणाला, "छे छे, त्या वळणावर नुसती कासवं आहेत!" आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत त्याच कासवांत हा गळ टाकून बसलेला.

तर असा हा सत्यवचनी पुरुष गेला ओपल मेसरबाईंच्या दुकानात. गळ, गांडुळं, खारे उकडलेले शेंगदाणे आणि गावभरच्या बातम्या, सगळं बाईंकडे मिळतं. कमरेवर हात ठेवून बाई म्हणाल्या, "शनिवारी लेक येते आहे ना रे? मग डोळे मिटून केटल क्रीकच्या धरणावर जा. गर्दी असते, मासे तळहाताएवढेच असतात, पण लागतात पटापट. पोरांना तेच लागतं, बाळा."

"आणि स्टोनी गॅप?"

"अजिबात जाऊ नकोस! भिंत दुरुस्त करायला रिकामं केलं होतं ना ते? पाणी भरलंय, पण मासा कुठंय त्यात? नवी पिल्लं सोडलीत, ती बोटाएवढी आहेत अजून. मेलेलं पाणी आहे ते."

झालं! बाईंनी 'अजिबात' म्हटलं आणि वेंडेलचे कान ससाण्यासारखे... नव्हे, सशासारखे टवकारले. अजिबात? एवढ्या जोरात? का बरं?

तसाच गेला हायरमकाकांकडे. काका चर्चमधले वडीलधारे, पांढरीशुभ्र दाढी, ऐंशीकडे झुकलेलं वय, आता खोटं बोलून त्यांना कुठं जायचंय? काकांनी खुर्चीत झुलत झुलत ऐकलं, आणि म्हणाले, "पोरा, केटल क्रीकला ने तिला. स्टोनी गॅपला मासा नाही. पुन्हा सांगतो, नाही."

पुन्हा सांगतो! अहो, पुन्हा कशाला सांगायचं? एकदा सांगितलं की भागत नाही? वेंडेल गाडीत येऊन बसला, किल्ली फिरवायची विसरला, आणि त्याच्या डोक्यात असा काही प्रकाश पडला म्हणता! ओपलबाई नाही म्हणतात. हायरमकाका नाही म्हणतात, तेही दोनदा. म्हणजे दोघांचं संगनमत आहे! सगळा गाव मिळून स्टोनी गॅप लपवतोय, आणि मला पोराटोरांच्या डबक्यावर धाडतोय! ज्यानं आयुष्यभर कासवं सांगितली, त्याला दुसऱ्याच्या तोंडी कासवांखेरीज काय ऐकू येणार, सांगा! आरशात वाकडं तोंड दिसलं म्हणून आरशालाच दटावणारी आपली जात. टेबलावर नकाशा पसरून त्यानं स्टोनी गॅपवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. कारण चुकलं तर मासा जाणार नव्हता हो... लेक जाणार होती.

शनिवार उजाडला. गाडीमागे होडी, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी, शेजारी डार्सी पेंगुळलेली. स्टोनी गॅपला पोचले. होडी पाण्यात उतरवायच्या उताराशी गाड्या लावायचं भलंमोठं मैदान, आणि त्यात एकही गाडी नाही! वेंडेलचा चेहरा उजळला. "बघितलंस? कुणालाच ठाऊक नाही!"

डार्सीनं मैदानावरून नजर फिरवली. "किंवा सगळ्यांनाच ठाऊक आहे, डॅडी."

अहो, काय बोलली पोर! पण बापाच्या कानांची कथा तुम्हाला माहीतच आहे. होडी पाण्यात गेली. वेंडेलनं आमिषाचं रबरी गांडूळ टाकलं, बुडालेल्या झाडांत टाकलं, खडकांच्या कडेला टाकलं. काही नाही. गांडूळ बदललं, जांभळं लावलं, हिरवं लावलं. काही नाही! ऊन माथ्यावर चढलं. पाणी असं निश्चल, की जणू समाधीला बसलंय. डार्सी आधी गप्पा मारत होती; मग नुसती हं हं म्हणायला लागली; मग तेही थांबलं. आणि तुम्हाला सांगतो, होडीतलं लेकीचं मौन फार वाईट! वेंडेलच्या मानेवरून घाम ओघळतोय, तोंडानं "आता लागेल, आता बघ" चाललंय, आणि मनात एकच घोकणी: धरण कोणतं निवडलंस रे बाबा, धरण कोणतं निवडलंस...

तेवढ्यात डार्सी ओरडली, "डॅडी! काहीतरी आहे!"

वेंडेल उठला तो होडी डचमळली! "काठी वर! वर धर! ओढू नकोस! ओढ! हळू! अगं, हळू ओढ!" लेकीनं दात आवळले, दोरी गुंडाळायचं चाक गरगर फिरवलं, दोरी वर आली, आली, आली... आणि गळाला लोंबकळत, उन्हात चमकत, शेपटी हलवत वर आला एक बास मासा.

बोटाएवढा!

रबरी गांडूळ त्याच्यापेक्षा लांब होतं हो! कुणाच्या बळावर त्यानं ते तोंडात धरलं, देव जाणे. डार्सीनं त्याला ओल्या तळव्यावर घेतलं. वेंडेल मटकन खाली बसला, टोपी काढली, आणि लेकीकडे बघायचा धीर होईना. संपलं. गेली ही पोहायला.

डार्सी माशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओपलबाईंनी हेच सांगितलं होतं ना तुला? बोटाएवढे म्हणून?"

"तुला कसं कळलं?"

"तूच रस्ताभर सांगत आलास, डॅडी. लोक कसे लबाड आहेत म्हणून." तिनं मासा अलगद पाण्यात सोडला. आणि मग तिचे खांदे हलायला लागले. वेंडेलला वाटलं, रडते! वाकून बघतो तर काय, पोर हसत होती! पोट धरून, होडीच्या काठावर डोकं टेकून हसत होती. "डॅडी, तो गांडुळापेक्षा लहान होता! आणि तू केवढ्यानं ओरडत होतास, वर धर, वर धर!"

परतताना दुकान वाटेतच. ओपलबाईंनी दोघांचे चेहरे बघितले. "केटल क्रीकला नव्हता गेलात. हो ना?"

वेंडेल शेंगदाण्यांकडे बघत पुटपुटला, "मला वाटलं... तुम्ही लपवताय."

बाई काउंटरमागून बाहेर आल्या, आणि त्यांचा आवाज असा चढला, की दारावरची घंटी हलावी. "लपवते! रोज लपवते! पाद्रीबुवांनी विचारलं तरी उलट्या दिशेला धाडते! पण जो लेकराला घेऊन निघालाय त्याला? त्याला या गावात आजवर कुणी कधी खोटं सांगितलं नाही, वेंडेल प्रुइट! तुझा बाप तुला घेऊन यायचा ना, तेव्हा माझ्या आईनं त्याला आपली स्वतःची जागा दाखवली होती! आम्हाला समजलास तरी काय तू?"

बोला! अहो, ज्या गावात खोटं बोलणं हाच शिष्टाचार, त्या गावानं एक कोपरा सत्यासाठी राखून ठेवला होता, आणि हा नेमका तिथंच ठेचकाळला! वेंडेलची मान अशी खाली गेली, की हनुवटीनं सदऱ्याचं बटण उघडावं.

डार्सी मात्र पुढे झाली. "बाई, पुढच्या खेपेला मी विचारते. मला सांगाल?"

पुढच्या खेपेला! वेंडेलनं चटकन मान वर केली. या वेळी ऐकलं, पुरतं ऐकलं, एकही अक्षर वाया न घालवता ऐकलं! "अगं, पण... पोहणं?"

"पोहणं रविवारीही असतं, डॅडी. एक मासा लागला ना?"

ओपलबाई वाकून तिच्या कानात काही कुजबुजल्या. हवेत बोटानं वळणं काढली, पूल दाखवला, झाड दाखवलं. वेंडेल एक पाऊल पुढे सरकला, तशा बाई म्हणाल्या, "तू गाडीत जाऊन बस, बाळा."

बसला! गुमान जाऊन बसला. लेक आली, दार लावलं, पट्टा बांधला. पण याला राहवतंय का? "मग... धरण कोणतं?"

"सांगणार नाही."

"अगं, का?"

"सांगितलं, की तू म्हणशील खोटं आहे. त्या दिवशी मी डावीकडे म्हटलं की डावीकडे वळायचं, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. बस."

आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यभर साऱ्या मुलखाची धरणं तोंडपाठ असलेला तो वेंडेल प्रुइट नुसता म्हणाला, "बरं बाई," आणि गाडी सुरू केली. दुसरं करणार काय? जन्मभर ज्याला सुकाणू धरायची सवय, त्याला एक दिवस कळतं, की आपण नुसते वल्हवणारे!

असो. श्रीहरी आपणां सर्व श्रोत्यांचं कल्याण करो. घरोघरी लेकींना हसू येवो आणि बापांना ऐकू येवो. आणि कोणत्या पाण्याला जायचं ते ठाऊक नसलं, तरी शेजारी बसून वाट सांगणारं माणूस प्रत्येक घराला लाभो!