पंचनामा मागाहून

समारंभाचे अध्यक्ष माननीय पोलीस अधीक्षक साहेब, प्रमुख पाहुणे सिव्हिल सर्जन साहेब, आज सेवानिवृत्त होत असलेले जमादार श्री. कुंडलिक रावजी वाघमोडे, त्यांच्या पत्नी सौ. फुलाबाई, पोलीस खात्यातले अधिकारी आणि शिपाई बंधू, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभ्या असलेल्या माझ्या वॉर्डातल्या मुलींनो,

मी सिस्टर सुंदरम्मा. आमच्या घरी तेलुगू चालते, वॉर्डात मराठी, आणि मी रागावले की दोन्ही एकदम चालतात. आज मी रागावलेली नाही, त्यामुळे माझं भाषण आपल्याला समजेल अशी आशा आहे.

नातेपुत्याच्या या माणसाला निरोप द्यायला पोलीस खात्याबाहेरची बाई कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं कारण असं, की चौतीस वर्षांच्या नोकरीत जमादार एकदाच नापास झाले आणि त्यांना नापास मी केलं.

पंचाहत्तर साली शिपायांना प्रथमोपचार शिकवायचं ठरलं. रुग्णालयाच्या बैठकीत मी कडाडून विरोध केला. म्हटलं, पोलिसांनी लाठी धरावी, कापसाचा बोळा आम्ही धरू. अर्धवट शिकलेला हात उघड्या जखमेला लागला की आमचं काम दुप्पट होतं. तो विरोध मनापासूनचा होता. सिव्हिल सर्जन साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो वर्ग मलाच घ्यायला सांगितला.

पहिली तुकडी तीस जणांची. एकमेकांच्या डोक्याला पट्टी बांधताना ही धिप्पाड माणसं नव्या नवरीसारखी लाजायची. शेवटी मी लेखी परीक्षा घेतली. दहा प्रश्न. पहिला प्रश्न होता, 'अपघाताच्या जागी पोहोचल्यावर प्रथम काय कराल?' बावीस जणांनी लिहिलं, पंचनामा. मी कपाळावर हात मारला.

जमादारांनी तर पंचनामा करू असं नुसतं लिहिलं नाही, त्यांनी तो करूनच टाकला. पूर्वेला विहीर, पश्चिमेला बाभूळ, रक्ताचा डाग लांबी दीड हात, दोन पंचांची नावं आणि त्यांचे अंगठे, सगळं सुवाच्य अक्षरात. त्यांनी लिहिलेला पंचनामा कोर्टात कधी पडला नाही म्हणतात, आणि मला ते पटतं. तो पूर्ण होईतो वेळ संपली. बाकीचे नऊ प्रश्न कोरे. मी लाल शाईनं 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीचा मला अभिमानच वाटला होता.

पुढं चार महिन्यांनी मोडनिंबजवळ बाजाराला निघालेल्या केराबाईंना एका मालट्रकनं ठोकर दिली. मांडीतून रक्त उडत होतं. जमादार तिथल्या चौकीवर होते, ते धावले. त्यांनी आपल्या पायाला गुंडाळलेली गणवेशाची पट्टी सोडली, बाईंच्या मांडीला आवळून बांधली आणि लाठीचा आधार देऊन पाय ताठ केला. दुसरं वाहन नव्हतं. ज्या ट्रकनं ठोकरलं, त्याच ट्रकमध्ये त्यांनी बाईंना घातलं. जमादार ड्रायव्हरला म्हणाले, "गुन्ह्याचं मागनं बगू. आदी गाडी काढ."

आता आपण सगळे खात्यातले आहात. पुराव्याचं वाहन जागेवरून हलवलं, आरोपीच्याच हाती दिलं, पंचनामा केला नाही. याचा अर्थ मी आपल्याला काय सांगायचा? केराबाई वाचल्या, आणि जमादारांवर खातेनिहाय चौकशी बसली. निवृत्तीला आठ महिने उरलेले. नोकरी गेली तर पेन्शनही जाणार. फुलाबाई मला भेटायला आल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, तुमी खरं तेच सांगा. पर सगळं सांगा."

चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, यांना जखमीला हात लावायचं शिक्षण होतं का? म्हटलं, होतं. पास झाले होते? माझ्याच सहीचा पेपर टेबलावर होता. मला म्हणावं लागलं, नाही. माणसाची भाकरी आपल्या एका शब्दावर लटकलेली असते, तेव्हा तो शब्द किती जड होतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी परवानगी मागितली आणि तिथंच जमादारांची तोंडी परीक्षा घेतली. "आवळलेली पट्टी मध्ये सैल केली का?"

"केली की, बाई. दर पंधरा मिनटाला. तुमीच सांगितलं हुतं, न्हाय केली तर पाय काळा पडतोय."

"घड्याळ होतं?"

"न्हाय. भरलेला ट्रक, ताशी चाळीसच्या वर जाईना. म्हंजी धा दगडाला पंधरा मिनटं. किलोमीटरचं दगड मोजत आलो. सोडली की रक्त यायचं, मग अंगठ्यानं दाबून धरायचो, परत बांदायचो."

केराबाईंना आमच्याकडे उतरवून घेतलं तेव्हा त्यांच्या पावलाला मी स्वतः हात लावला होता. पाऊल गरम होतं. तो पाय कापावा का लागला नाही, हे मला त्या चौकशीच्या खोलीत समजलं.

साहेबांनी शेवटचं विचारलं, "पण पंचनामा का केला नाहीत?" जमादार म्हणाले, "सायेब, मी चौतीस वर्सं पंचनामे लिवले. माझ्या लिवण्यानं त्यातलं एक बी मानूस उठून बसलं न्हाय."

चौकशी तिथंच संपली, जमादारांवर ठपका आला नाही. पुढं कोर्टात केराबाईंनी आपल्या तोंडानं जबाब दिला आणि ड्रायव्हरनंही गुन्हा कबूल केला. रस्त्यावरच्या प्रत्येक चौकीतल्या शिपायाला हे शिक्षण मिळावं, असा हुकूम अधीक्षक साहेबांनी काढला. आजवर सव्वाशे शिपाई शिकले. तेव्हापासून त्यांनी आमच्या दारात आणलेले अकरा जखमी जिवंत घरी गेले. मी कडाडून विरोध केला होता, आणि मी साफ हरले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी हरले नाही.

मी जमादारांना म्हटलं होतं, प्रमाणपत्र असंच लिहून देते. ते म्हणाले, "फुकटचं नगं, बाई. परीक्षा घ्या." गेल्या गुरुवारी वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर ते बाकावर बसले. पक्षपात नको म्हणून ती परीक्षा सिव्हिल सर्जन साहेबांनी घेतली. निकाल माझ्या हातात आहे आणि जमादारांना तो अजून ठाऊक नाही. मघापासून ते माझ्याकडे नाही, या कागदाकडे बघत आहेत.

कुंडलिक रावजी वाघमोडे. दहापैकी दहा. तुकडीत पहिले.

आपण सर्वांनी या परक्या खात्यातल्या बाईचं बोलणं इतक्या आपुलकीनं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना एखादा मान राहून गेला असेल, वेळ जास्त झाला असेल, तर सभागृहानं पदरात घ्यावं. पेपरावरच्या त्या लाल शाईची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती मी जमादारांकडे मागते, आणि फुलाबाईंकडे.