बदलीचं कारण

मी वयस्कर माणसांवर उगाच चिडते असं तुम्ही म्हणता ना, मग आमच्या सावंतकाकांचं ऐका. पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात ते क्लार्क, मी लॅबमध्ये केमिस्ट. मागच्या आपत्कालीन दाराला कायम कुलूप असायचं, म्हणून मी कारखाना निरीक्षकाकडे लेखी तक्रार केली. आठवड्यात आमच्या मॅनेजर साहेबांनी माझी बदली तळोज्याच्या गोडाऊनला केली. वर म्हणाले, "जमत नसेल तर राजीनामा दे."

पत्र काकाच टाइप करत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी काही बोला."

"पोरी, माझी दोन वर्षं राहिलीत. मला कशाला मध्ये घेतेस?"

"आयुष्यभर मान खालीच घातलीत तुम्ही."

त्यांनी चष्मा पुसला आणि पत्र सहीला नेलं. काकांनी टाइप केलेलं साहेब कधी वाचत नाहीत, नुसती सही ठोकतात.

ते पत्र घेऊन मी कामगार कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम वाचता वाचता हसायलाच लागल्या. "तक्रार केली म्हणून अशी बदली करता येत नाही. पण ते सिद्ध करताना लोकांची वर्षं जातात. तुमच्या साहेबांनी तर लिहूनच दिलंय."

'बदलीचे कारण' या रकान्यात छापलं होतं: निरीक्षकाकडे तक्रार केल्यामुळे. खाली सही आणि शिक्का.

एका नोटिशीत बदली रद्द झाली, कुलूपही निघालं. मी काकांना गाठलं. "मुद्दाम केलंत ना?"

"छे गं. कारण काय लिहू विचारलं, तर साहेब म्हणाले, तिला चांगलं माहीत आहे. माहीत तर मलाही होतं. आणि रकाना रिकामा सोडायची मला सवय नाही."