बदकाची जागा

बेलफास्टच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हातारे बसले होते.

"फर्गल, तुझी लेक सोर्खा अजून व्हायोलिनच शिकवते ना?"

"सोडलं! वर्षभर कॉम्प्युटरचं एमएस्सी केलं, आता सॉफ्टवेअरवाली झाली. माझाही हातभार आहे त्यात!"

"चाळिशीत? आणि तुझा हातभार काय? तुला टीव्हीचा रिमोट कळत नाही!"

"मी तिचं बदक होतो."

"काय?"

"रबरी बदक रे. प्रोग्रॅम अडला की ही मंडळी टेबलावरच्या बदकाला तो ओळन् ओळ समजावून सांगतात. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच सापडते. शेवटच्या प्रोजेक्टला पोरगी रडकुंडीला आलेली, आणि बदक कुत्र्याने फाडलेलं. म्हणाली, बाबा, तू बस."

"आणि तू गप्प बसलास? तू?"

"बदक बोलत नाही, मॅलकी! जिभेला कुलूप घालून बसलो. मध्येच 'सापडलं!' म्हणून किंचाळली आणि माझ्या टकलाचा मुकाच घेतला."

"नोकरीचं काय?"

"लागली की! काल ऑफिस दाखवायला नेलं. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक पिवळं बदक."

"आणि तिच्या?"

"माझा फोटो. तोंड मिटलेला शोधायला आठवडा लागला म्हणे."