नावागावाचा पुकारा

मी मूळचा येवला तालुक्यातल्या एका खेड्यातला, घर गोंधळ्याचं, म्हणजे कोणाकडे लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा, आईला गाण्यातून बोलवायचं, तिच्या कथा सांगायच्या, हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. वडील संबळ वाजवायचे, एक बारीक बोलणारं आणि एक घुमणारं अशी दोन वाद्यं कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायची, आणि वडिलांचा हात असा होता की मांडवातलं रडणारं पोर गप्प होऊन बघत बसायचं. आमच्या घरात बी.ए. झालेला पहिला मी. येवल्याला एसटीनं कॉलेजात जायचो, पासाचे पैसे वडील गोंधळाच्या बिदागीतून बाजूला काढायचे, स्वतःची चप्पल सुतळीनं बांधलेली, पण माझा पास चुकला नाही, हे मी विसरलो नाही आणि विसरणार नाही.

आणि एवढं शिकून केलं काय, तर तेच संबळ कमरेला बांधलं. काय सांगू तुम्हाला, लोक लय बोलले. सासरे तर तोंडावर म्हणाले, जावईबापू, बडवायचंच होतं तर एसटीचं तिकीट कशाला फाडलं? मी हसलो. पण वडिलांचा हात आखडला होता आणि मला ते सोडवेना.

आता आमच्यात एक रीत, ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गोंधळात पुढं ताट असतं, कोणी ताटात पैसे टाकले की गाणं तिथल्या तिथं थांबवायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, अमक्या गावचे अमके, त्यांच्याकडून एवढे रुपये, आई त्यांचं भलं करो. नाव, गाव, आकडा, तिन्ही पुकारायचे. वडील म्हणायचे, आकडा खणखणीत सांग रे रघू, मंग बघ, शेजारचा उठतो का नाय. आणि उठायचाच. व्याह्यांत चढाओढ लागायची, मांडव हसायचा, ताट भरायचं.

नव्वदच्या आसपास सुपाऱ्या भरपूर होत्या. पुढं मंगल कार्यालयं आली, कार्यालयवाला घड्याळ बघायचा, गोंधळ फोटोपुरता राहिला, बाहेर डीजे लागलेला. आम्ही नाशिकला आलो. माझा चुलतभाऊ सोपान, तुणतुणं त्याच्याकडं आणि मागं सूर धरणारा गळाही त्याचा, तो अंबडला कंपनीत लागला, गोंधळाला यायचं म्हणजे त्याचा खाडा, पगार कापला जायचा, घरी बायको बोलायची. सोपानशिवाय माझं गाणं म्हणजे एका पायावर चालणं. शेवटी सासऱ्यांनी पतसंस्थेत माझ्यासाठी कारकुनाची जागा बघितली आणि मी हो म्हणालो. इंदिरानगरचा एक गोंधळ घेतला होता तो शेवटचा, मग संबळ वणीला गडावर आईच्या पायाशी ठेवायचं, असं ठरलं.

तो गोंधळ भर दुपारी इमारतीच्या पार्किंगमध्ये होता. नवऱ्या मुलाची बहीण, मृणालताई, कॉम्प्युटरमध्ये नोकरीला, तिनं सगळा गोंधळ रेकॉर्ड केला. नंतर विचारायला आली, दादा, हे मी इंटरनेटवर ठेवू का? ऐकायला पैसे नाहीत, पण आवडलं तर ज्यानं त्यानं वाटेल तेवढं कार्डावरून पाठवावं, असं खाली लिहिते, माझ्या खात्यात येतील ते तुम्हाला आणून देते. सोपान म्हणाला, ताई, फुकट ऐकून झाल्यावर मागून पैसे कोण देतंय, समोर ताट नाय, शेजारी बघणारा नाय! मलाही तसंच वाटलं. मी ठेवा म्हणालो, आपलं काय जातंय.

पण आले हो! अमेरिकेतून आले, इंग्लंडातून, मस्कतहून, पुण्यातूनसुद्धा. ज्यांचा चेहरा मी बघितला नाही, ज्यांना कोणी बघत नव्हतं, त्यांनी एकट्यानं बसून ऐकलं आणि एकट्यानं दिलं. त्या दिवशी मी ताईच्या सोफ्यावर नुसता बसून राहिलो, चहा गार झाला. पहिल्या पैशातून सोपानचे खाडे भरून दिले, आणि सासऱ्यांना म्हणालो, जरा थांबा.

मग मी काय केलं ऐका. मला वाटलं, माणसांनी दिलंय आणि आपण पुकारलं नाही, हे बरोबर नाही. दुसरं रेकॉर्डिंग केलं तेव्हा ताईकडून सगळी माहिती घेतली आणि गाण्याच्या मध्ये रीतीप्रमाणे एकेकाला पुकारलं, नाव, गाव, आकडा, अगदी खणखणीत. परदेशातली गावं मी घरी घोकली होती. मस्कत आलं तेव्हा सोपान हळूच म्हणतो, भाऊ, आईला पासपोर्ट लागंल. ताई कामावर होती, तिच्या भावानं ते न ऐकताच चढवलं, आणि आम्ही खुशीत घरी गेलो.

पैसे यायचे थांबले. अगदी थांबले म्हटलं तरी चालेल. सासऱ्यांचा निरोप आला, जागा कायम रिकामी राहत नाही. आणि ताई आली ती हात जोडूनच, दादा, आकडे कशाला सांगितले हो! तिनं मस्कतहून आलेला मजकूर वाचून दाखवला. तिकडं दवाखान्यात नर्स असलेली मुलगी, मनमाडकडची. तिनं लिहिलं होतं, दादा, माझं नाव काढून टाका. आमच्या गावात गोंधळाला माझ्या बाबांचा आकडा सगळ्यांत लहान असायचा, तो पुकारला की बाबा मान खाली घालायचे. इथं कोणी बघत नाही म्हणून मी मोकळ्या मनानं दिले होते.

मनमाडकडच्या मांडवांत आम्हीच जायचो हो. वडील पुकारायचे, मी मागं उभा असायचो, पण माझं लक्ष कायम पुढं कोण उठतंय तिकडं, आकडा पुकारून झालेल्या माणसाकडं मी वळून कधी बघितलं नव्हतं. सोपानच म्हणाला, भाऊ, आकडा सोडू, नाव नि गाव ठेवू, आई काय आकडा विचारून येते का?

ते रेकॉर्डिंग उतरवलं, नवीन केलं. ज्यांनी चालेल म्हणून कळवलं त्यांचं नुसतं नाव आणि गाव, अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि आपल्याकडचं डुबेरे एकाच सुरात. हळूहळू लोक परत आले, आणि पहिल्यापेक्षा जास्त आले. सोपाननं कंपनी सोडली. पतसंस्थेची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली, त्याचंही भलं होवो. आता साध्या मांडवातसुद्धा मी आकडा पुकारत नाही, ताट पूर्वीइतकं भरत नाही हे खरं, पण मान खाली घालून कोणी बसलेलं मला दिसत नाही.

संबळ वणीला नेलं होतं, ठेवायला नाही, वाजवायला. वडील पायरीवर बसून ऐकत होते, म्हणाले, आकडा इसरलास व्हय रे? मी म्हणालो, हो, विसरलो. ते मांडीवर ठेका धरून बसले.

आता प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगनंतर एक रक्कम अशी येते की तिला नाव नसतं, गावही नसतं. ताई म्हणते, शोधू का दादा, मी म्हणतो, नको. सगळी नावं पुकारून झाली की मी गाणं थांबवतो, सोपान तुणतुणं थांबवतो, आणि एका नावाला लागेल तेवढा वेळ मी नुसतं संबळ वाजवतो, बारीक बाजूवर, हलक्या हातानं. ज्याचं त्याला कळतं. जिथं असेल तिथं त्या लेकराची मान वर राहो, एवढंच आईकडे मागतो.