शनिवारी लावायचं राहिलेलं कुलूप

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या सिंट योरिस फुटबॉल क्लबच्या प्रमुख मारियेटबाई, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या आउडनवार्डचे महापौर, समोर पहिल्या रांगेत बसलेली ओरान्ये क्लबची पाहुणे मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते श्री. तेउनिस ब्लोकलांड, त्यांच्या शेजारी बसून आत्तापासूनच माझ्याकडे संशयानं बघणाऱ्या कोरीबाई, आणि तळल्या जाणाऱ्या क्रोकेटच्या वासानं अर्धं लक्ष स्वयंपाकघराकडे लागलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मला ओळखणारे आत्ताच हसले. पण घाबरू नका, आज शनिवार आहे आणि रात्रीचे बारा वाजून रविवार लागला की आमचे सत्कारमूर्ती उठून घरी जाणार. तेव्हा जास्तीत जास्त किती बोलायचं याला आज देवानंच मर्यादा घालून दिली आहे.

तेउनिस ओरान्येचं अध्यक्षपद सोडताहेत. मग त्यांचा निरोप समारंभ सिंट योरिसच्या कॅन्टीनमध्ये कशासाठी? मघाशी महापौरांनी मला हेच विचारलं. ते आपल्याकडे नवे आहेत, त्यांचा दोष नाही. त्यांच्यासाठी थोडं मागं जातो, बाकीच्यांनी तोवर कॉफी संपवावी.

आमचा क्लब काढला वीटभट्टीवरच्या पोरांनी. पहिला चेंडू पाद्रीबुवांनी दिला आणि पहिली शिट्टीही त्यांनीच वाजवली, त्यामुळे पहिली काही वर्षं आमच्याविरुद्ध पेनल्टी म्हणून कधी मिळालीच नाही. मैदान घेतलं पूर अडवणाऱ्या बांधाच्या पलीकडं, नदीच्या बाजूला, कारण तिथली जमीन फुकट होती. फुकट का होती, ते नदीनं नंतर सांगितलं. खेळलो आयुष्यभर खालच्या वर्गात. एकदा वर चढलो होतो, गावात बँड लावून मिरवणूक काढली, आणि पुढच्या वर्षी बँड न लावता खाली आलो. पण एक गोष्ट आम्ही कधी चुकवली नाही. सकाळी चर्च, दुपारी फुटबॉल. आमचा रविवार हा असा.

आणि ओरान्ये? ओरान्ये शनिवारी खेळतं. त्यांच्या चर्चमध्ये रविवार म्हणजे रविवार. सायकल धुवायची नाही, गवत कापायचं नाही, चेंडूला तर हातही लावायचा नाही, म्हणजे पायही. एकाच गावात, एका हाकेच्या अंतरावर दोन क्लब, आणि इतक्या वर्षांत आपली एकमेकांशी एक साधी मॅच झाली नाही. भांडायलासुद्धा आपल्याला एक सामाईक दिवस मिळाला नाही हो!

तर बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात नदी आमच्या मैदानावर आली. नदी गेली, गाळ राहिला. एका गोलचा खांब पुढच्या गावात सापडला. मी तेव्हा क्लबचा चिटणीस. आमच्या मॅच एकामागून एक बुडत होत्या आणि फुटबॉल संघटनेनं बजावलं, आणखी एक सामना बुडाला तर लीगमधून नाव कमी. नाव कमी झालं की पोरं पुलापलीकडच्या क्लबात जाणार, आणि पोरं गेली की कॅन्टीनला कुलूप. आसपासच्या सगळ्या मैदानांवर रविवारी त्यांच्याच मॅच. सबंध पंचक्रोशीत दर रविवारी रिकामं राहणारं, कोरडं, बांधाच्या आतलं असं एकच मैदान होतं. कुणाचं, ते सांगायला नको.

मी गेलो तेउनिसकडे, ओरान्येचा अध्यक्ष तेव्हाही तोच. कोरीबाईंनी कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. कोरीबाई, हसू नका, मला ते झाकण अजून आठवतं. मी सगळं सांगितलं. तेउनिसनं ऐकून घेतलं, खिशातनं पेपरमिंटची गोळी काढून मला दिली आणि म्हणाला, "थेओ, रविवारी मी फाटक उघडणार नाही."

मी म्हटलं, "समजलं." वाईट वाटलं, पण राग नाही आला. माणूस सरळ बोलला होता. मी कोट घातला. दारापर्यंत सोडायला आला, आणि तिथं पायपुसण्याकडं बघत म्हणतो कसा, "शनिवारी मॅच संपली की कुलूप मीच लावतो. पण हल्ली मला फार विसरायला होतंय."

आतून कोरीबाईंचा आवाज आला, "काय? तुम्हाला? आपल्या लग्नात कुणी कुठली बशी दिली ते अजून सांगता की तुम्ही!"

"कोरी," तेउनिस म्हणाला, "पाहुणे निघालेत."

मित्रहो, त्या शनिवारपासून हा माणूस दर शनिवारी विसरला. रविवारी आम्ही जायचो तर कुलूप फाटकाच्या खांबाला उघडं लटकलेलं. ज्यानं आयुष्यात कुणाचा वाढदिवस चुकवला नाही, तो वसंतभर कुलूप लावायला विसरत राहिला. येताजाता भेटला तर हवापाण्याच्या गप्पा. आम्हीही आपणहून नियम घालून घेतले. त्यांच्या मैदानावर बिअर नाही, भोंगा नाही. आणि त्यांची दुपारची प्रार्थना नेमकी मॅचच्या वेळी, चर्च तिथंच बांधावर, म्हणून ओरडायचं नाही. गोल झाला की खिशातनं रुमाल काढायचा आणि हलवायचा. बाहेरगावचे संघ हबकून जायचे. एका पाहुण्या कप्तानानं तर मला हळूच विचारलं, "तुमच्यात कुणी गेलंय का?" मी म्हटलं, "नाही, आम्ही जिंकतोय." त्या शांततेनं आम्हाला बरेच गुण मिळवून दिले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

हंगामातला शेवटचा रविवार आला. आम्ही फाटकाशी पोचलो तर कुलूप बंद. नुसतं दाबलं की बसणारं ते कुलूप. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी जाऊन दाबून आलं होतं. कुणी, ते मी सांगणार नाही, ते गृहस्थ आता देवाघरी आहेत आणि त्यांचा रविवार आता कायमचा आहे. किल्ली एकट्या तेउनिसकडं. समोर पाहुण्या संघाची बस. रेफरीनं घड्याळ बघितलं, "पाव तास थांबतो, मग मॅच बुडाली असं लिहीन." आमचा स्ट्रायकर यॉस म्हणाला, "चला, उड्या टाकून जाऊ." मी म्हटलं, "नाही. त्यांनी उघडं ठेवलं म्हणून आपण आलो. त्यांनी बंद केलं असेल, तर गुपचूप घरी जायचं." खरं सांगतो, तोंडानं हे म्हणत होतो आणि डोळे रेफरीच्या घड्याळावर होते. माझ्या वडिलांचा क्लब माझ्या हातात संपत होता.

तेवढ्यात घंटा वाजली आणि बांधावरून त्यांच्या चर्चची सगळी मंडळी प्रार्थनेला निघाली. काळे कोट, काळ्या टोप्या. त्यात तेउनिस आणि कोरीबाई. तेउनिस तेव्हा चर्चच्या कारभारी मंडळात, पुढच्या बाकावर बसणारा. मी मान खाली घातली. माझ्या नजरेचंसुद्धा ओझं मला त्याच्यावर टाकायचं नव्हतं.

पावलं थांबली. मग आमच्याकडं वळली. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "तेउनिस, आज रविवार आहे!"

"ठाऊक आहे," तेउनिस म्हणाला. "आज मला विसरलो म्हणता येणार नाही."

त्यानं प्रार्थनेचं पुस्तक कोरीबाईंच्या हातात दिलं, किल्ली काढली आणि सगळ्या गावादेखत कुलूप उघडलं. ते खांबाला अडकवलं, पुस्तक परत घेतलं आणि चर्चला गेला. आमच्याकडं वळूनही बघितलं नाही.

लीगमध्ये टिकायला आम्हाला नुसती बरोबरी पुरेशी होती, बरोबरी झाली. यॉसनं गोल मारला तेव्हा चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. आम्ही सगळे रुमाल हलवत उभे, आणि ते रुमाल नंतर डोळ्यांनाच लागले.

त्यानंतर तेउनिस पुढच्या बाकावर दिसला नाही. मंडळात दुसरं नाव आलं. तो मागं, खांबाशेजारी बसायला लागला. या गोष्टीबद्दल त्याच्या तोंडून मी आजवर एक अवाक्षर ऐकलेलं नाही. ओरान्येच्या मंडळींनी मात्र त्याला अध्यक्षपदावरून हलू दिलं नाही. त्याबद्दल या पहिल्या रांगेला मी सिंट योरिसतर्फे मनापासून धन्यवाद देतो. वाजवा टाळ्या, आज आवाज चालतो.

महापौर, आता कळलं ना, समारंभ इथं का? ही भिंत, हे छप्पर, हा तुमच्या हातातला कप, सगळं त्या उघड्या कुलपामुळं आहे.

आता शेवटचं. मागं एकदा न्हाव्याकडं मी तेउनिसला म्हटलं होतं, "अहो, आमचा क्लब वाचवलात, एकदा येऊन बघा तरी कसा खेळतो." तो म्हणाला, "रविवारी मी कसा येणार, थेओ?" खरंच की. ज्या क्लबासाठी त्यानं आपली जागा घालवली, त्याची एकही मॅच त्यानं पाहिलेली नाही.

परवा आमची सर्वसाधारण सभा झाली. तेउनिस, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, मी सगळ्यांना दम दिला होता. सभेत आमचे म्हातारे होते, वीटभट्टीवरच्यांची नातवंडं होती, आणि रविवार म्हणजे आमचा जीव. मी ठराव मांडला आणि खाली बसलो. एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळेच गेले. यॉस तर रडत होता, त्याला नंतर विचारा.

पुढच्या हंगामापासून सिंट योरिस शनिवारी खेळणार. पहिली मॅच मैत्रीची, इथंच, ओरान्येशी. मैदानाच्या कडेला दोन खुर्च्या ठेवल्या आहेत, तुमची आणि कोरीबाईंची. बिस्किटांचा डबा आमचा, आणि त्याचं झाकण उघडं राहील.

अध्यक्षा मारियेटबाई, आपण मला थांबवलं नाहीत, आभारी आहे. श्रोत्यांनी क्रोकेट गार होऊ दिले, त्यांचेही उपकार. आणि तेउनिस, इतकी वर्षं तुम्ही झाकून ठेवलेलं मी आज चारचौघांत बोललो. त्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर विसरून जा. तुम्हाला ते फार छान जमतं.