टेबलाला टेकू नका

…आणि वर मलाच सांगतात, "बाबा, टेबलाला टेकू नका!" अहो, टेबल माझं! लग्नाच्या पहिल्या वर्षी मी आणि हिने चार जिने चढवून वर आणलेलं टेबल. वळणावर अडकलं तेव्हा अर्धा तास मी खाली, ही वर आणि मधे टेबल, असा आमचा संसार सुरू झाला. त्याच टेबलावर मुलगी पाढे शिकली, त्यावर मी जन्मभर जेवलो, आणि आता? आता मी भिंतीला पाठ लावून, एका हातात ताट धरून, गुडघा दुखला की पाय बदलत उभा राहून जेवतो! का? तर टेबलावर कलाकृती आहे. कोणाची? जावयांची. मग काय करता… जावई आहेत, बोलता येत नाही!

पुढे या, पुढे या, मागच्यांना ऐकू येत नसेल. नाही नाही, त्या खुर्चीवर नको. तीही त्यातच आहे.

तुम्हाला सांगतो, मी साधा माणूस. बस डेपोत टाइमकीपर होतो. गाडीची वेळ झाली की शिट्टी मारायची, उशीर झाला की ड्रायव्हरच्या नावाने शंख करायचा, संपलं काम. माझा आवाज ऐकला की फलाटावर झोपलेली कुत्रीसुद्धा उठून सरळ चालायला लागायची. आणि घरी? घरी मी तोंड उघडायच्या आत आमची ही डोळे वटारणार. "हळू! ऐकतील ना ते!" अहो, ऐकावं म्हणूनच तर बोलतोय ना मी? "काही नको. जावई आहेत." म्हणजे डेपोभर गर्जना करणारा मी, स्वतःच्या स्वयंपाकघरात कुजबुजायला लागलो!

मुलगी आमची हॉस्पिटलात नर्स आहे. तिने एक दिवस यांना घरी आणलं. मी आपलं सहज विचारलं, काय करता आपण? तर म्हणाले, "मी बहुविद्याशाखीय कलावंत आहे." शब्द ऐकूनच मला धाप लागली. मी म्हटलं, वा वा, म्हणजे चित्रं काढता? "चित्रंच असं नाही." मग गाता का? "गाणंच असंही नाही." नाटकात कामं करता? "तसं म्हणता येईल, पण तेवढंच नाही." आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे रूट तोंडपाठ, फक्त गाडी कुठलीच बाहेर काढायचा नाही! पण मुलीचा चेहरा त्या दिवशी असा काही फुललेला होता की मी गप्प बसलो. लग्न झालं. दोघं आमच्याकडे राहायला आली. दोन महिन्यांसाठी हो! जागा मिळेपर्यंत! त्या दोन महिन्यांना आता दोन वर्षं झाली, आणि जागा मिळाली… टेबलावर.

सुरुवात एका मोडक्या छत्रीने झाली. कोपऱ्यात ठेवली होती बिचारी. "बाबा, आजचा दिवस राहू दे हं." राहू दिली. दुसऱ्या दिवशी छत्रीच्या काड्या सुट्या झाल्या. मग जोडी हरवलेल्या चपला आल्या, अंड्यांचे ट्रे आले, कुठल्या तरी मेलेल्या कंप्युटरची बटणं आली, मुलगी हॉस्पिटलातून औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणायला लागली, आणि हे सगळं नुसतं ठेवलेलं नाही, चिकटवलेलं! एकदा आमटी अळणी लागली म्हणून मिठाची बरणी उचलायला गेलो, तर टेबल हललं, बरणी नाही! ज्या टेबलावर आमच्या हिने मला कधी पेपर ठेवू दिला नाही, तीच बाई कमरेवर हात ठेवून म्हणते, "किती कल्पक आहेत ना!"

आणि मग माझी शिट्टी गेली. डेपोतली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात घातलेली. घरभर शोधली, गादीखाली, माळ्यावर, आणि जेवायला उभा राहिलो तर समोर… बरोब्बर मधोमध, छत्रीच्या काडीला, उलटी टांगलेली! खरं सांगतो, त्या दिवशी भरलं ताट तसंच ओट्यावर परत ठेवलं. जावईबापू शेजारी येऊन उभे राहिले. "बाबा, तुमची हरकत नाही ना?" आता टांगल्यावर हरकत विचारतात का हो? माझ्या मनात केवढं आलं! पण तोंडातून काय बाहेर पडलं? "छे छे… शोभून दिसतेय." जावई आहेत, बोलता येत नाही!

अशातच मुलगी बातमी घेऊन आली. कुठलीशी संस्था फेलोशिप देते म्हणे. कोणाला? उदयोन्मुख बहुविद्याशाखीय कलावंतांना! मी जावयांकडे बघितलं. त्यांच्या कपाळाचा उदय मागे मानेपर्यंत पोचलाय, आणि माणूस अजून उदयोन्मुख? म्हणजे आमच्या भाषेत, डेपोतून न सुटलेली गाडी! पण पुढे मुलगी म्हणाली, "बाबा, मिळाली तर यांना वर्षभर काम करायला स्वतंत्र खोली देतात." तुम्हाला सांगतो, मला फेलोशिप ऐकू आली नाही, कला ऐकू आली नाही, मला एकच शब्द ऐकू आला. खोली! मी म्हटलं, मग हे सगळं तिकडे जाणार? "हो." आणि टेबल? "टेबल राहील की इथेच, नीट खरवडून काढू." त्या दिवसापासून कलेचा माझ्याएवढा भक्त शोधून सापडला नसता. शेजारचे म्हणाले, तुमचे जावई करतात तरी काय? मी छाती काढून सांगितलं, ते उदयोन्मुख आहेत!

यथावकाश कमिटी आली, घरी येऊन काम बघायला. तिघं जण. एक जाड चष्म्याच्या बाई, एक फोटो काढणारी मुलगी आणि एक पिशवीवाले गृहस्थ. हे गृहस्थ काही बोलायचे नाहीत, नुसतं "हंऽऽ" करायचे. हिने चहा केला, पण कप ठेवायचा कुठे? तेही आमच्यासारखे भिंतीला पाठ लावून उभे! जावई समजावून सांगायला लागले, "ही कलाकृती अंतराविषयी आहे…" आणि मी बघितलं तर चिकटवलेल्याच बरण्या ते पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. एरवी बरणी एकदा चिकटवली की तिच्याकडे परत न बघणारा माणूस हो. मला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल कसंसंच झालं.

बाईंनी सगळं बघितलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, "मांडणी चांगली आहे. पण ही एकच शाखा झाली. यात आवाज कुठे आहे? शब्द कुठे आहेत? शरीर कुठे आहे?" पिशवीवाले म्हणाले, "हंऽऽ." आणि त्यांनी पिशवी खांद्याला लावली! जावयांची मान खाली. मुलीच्या डोळ्यांत पाणी. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती खोली, ती उजेडाची, मोठी, टेबल मोकळं करणारी खोली, फलाटावरून सुटून निघालेली!

मग माझं काय झालं, मला माहीत नाही. पुढे झालो, काडीवरची शिट्टी ओढून काढली, अर्धी छत्री हातात आली, आणि अशी शिट्टी मारली की पिशवीवाल्यांच्या हातातला चहा सांडला. "थांबा! गाडी सुटायची नाही!" आणि मग जे काय दोन वर्षं घशात अडकलं होतं ते सगळं बाहेर! ती छत्री, ती बरणी, तो गुडघा, ते कुजबुजणं. टेबलावर मूठ आपटतोय, बाटल्या खणखणतायत, ही मागून "अहो, अहो" करतेय, आणि मी पाय बदलत, ताट धरल्यासारखा हात धरून, उभ्याने कसं जेवतो ते करून दाखवतोय!

थांबलो तेव्हा बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "हे… असं रोज होतं?"

मी म्हटलं, "रोज आतल्या आत होतं."

पिशवीवाले म्हणाले, "हंऽऽ!" पण या वेळी जरा वरच्या पट्टीत.

ते गेल्यावर मला जावयांच्या नजरेला नजर देववेना. हात जोडणार होतो. तर तेच जवळ आले आणि म्हणाले, "बाबा, दोन वर्षांत तुम्ही आज पहिल्यांदा माझ्याशी बोललात." मी समजत होतो, मी मान राखतोय. आणि ते समजत होते, या माणसाला मी डोळ्यांसमोर नको आहे. म्हणाले, "शिट्टी मधोमध का लावली, ते तुम्ही विचाराल म्हणून मी वाट बघत होतो." मी विचारलं, का लावली? "तुमचा डेपो आहे बाबा तो. सगळ्या न सुटलेल्या गाड्या. तुम्ही शिट्टी मारायची वाट बघतायत." या वेळी खरंच बोलता आलं नाही.

कमिटीचं पत्र आलं, फेलोशिप मिळाली! पेढे वाटायच्या आधी मी पटाशी आणली, बाही वर केली, टेबल खरवडायला वाकलो, तर मुलगी धावत आली. "बाबा, नको! पुढचं वाचायचंय!" पुढचं काय? तर कमिटीचं असं एकमत झालंय की टेबल, स्वयंपाकघर आणि सासरे यांच्यापासून ही कलाकृती वेगळी काढता येत नाही. सबब, खोलीची आवश्यकता नाही. कलाकृती आहे तिथेच चालू ठेवावी, आणि दर शनिवारी रसिकांना घरी बोलावून दाखवावी.

म्हणून तर तुम्ही सगळे आत्ता माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभे आहात ना!

आणि माझी पंचाईत काय सांगू? आता माझं आणि जावयांचं छान जमतं. शेजारी शेजारी उभे राहून जेवतो, गप्पा मारतो. राग म्हणून शिल्लक राहिलेला नाही. पण मागच्या शनिवारी लोक गेल्यावर हळूच म्हणतात, "बाबा, आज राग जरा कमी पडला." आत्तासुद्धा बघा, तुमच्या मागे दारात उभे राहून हाताने खुणा करतायत, आणखी चिडा, आणखी चिडा…

चला, निघा आता, पुढची मंडळी जिन्यात ताटकळली आहेत आणि मला पुन्हा पहिल्यापासून चिडायचंय. ओ ताई, तेवढं टेबलाला टेकू नका! काय करणार… जावई आहेत, आता गप्पही बसता येत नाही.