तिचा शब्द अंतिम

—नाही, खोलू नका, तो डबा आहे तिथंच फळीवर राहू द्या, आणि मधलं दार उघडंच असू द्या, तिचा आवाज त्याला पोचायला हवा. आई आत पडून आहे. हळू बोला, खुब्याचं हाड मोडलंय, कान शाबूत आहेत. तुम्हाला कंपनीनं पाठवलंय, तुम्ही तारा बघणार, दिवा हिरवा लागतो का बघणार आणि त्या कागदावर ‘यंत्र सुस्थितीत’ लिहून माझी सही घेणार — बरोबर ना? यंत्र सुस्थितीतच आहे. माझी तक्रारच ती आहे.

बसा. स्टुलावर नको, ते डुगडुगतं. हा डबा काय करतो ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी मी सांगणार, कारण चाळीस वर्षं वर्गात काढली आणि समोर कुणी बसलं की जीभ चालू होते. तर हा रोज नऊ वाजता विचारतो, ‘आज कसं वाटतंय?’ उत्तर आरोग्य खात्याकडे जातं, आणि त्यावरून ठरतं की नर्सबाईंनी रोज यायचं, आठवड्यातून एकदा यायचं, की यायचंच नाही. आमच्याकडे पूर्वी रोज यायच्या. निघताना दारातून वळून म्हणायच्या, ‘आजी, मला बनवू नका, गुडघा दुखतोय ना?’ मग आई म्हणायची, ‘थोडासा.’ त्या थोड्याशात सगळं असायचं, बाईंना ते वाचता यायचं. मग हा डबा आला, आणि त्या सोमवारच्या सोमवार येऊ लागल्या. का? तर या योजनेच्या नियमांतलं कलम सात. ‘व्यक्तीचा स्वतःचा शब्द अंतिम मानला जाईल.’ हे वाक्य कुणी लिहिलं? — मी.

असे बघू नका. नियम ठरवायच्या समितीत एकीकडे कंपनीची माणसं, एकीकडे खात्याची, आणि मधे आम्ही तिघं विद्यापीठातले, नीती सांभाळायला नेमलेले. मी मूळचा लोककथांचा माणूस. म्हातारी माणसं कशी बोलतात ते मला कळतं, असा त्यांचा समज होता. कंपनीला या डब्याकडून झोप मोजायची होती, पावलं मोजायची होती, कुणी पडलं तर तो आवाज ओळखायचा होता. आम्ही म्हटलं, ही पाळत आहे, माणसाला वस्तू करू नका, त्यालाच विचारा — मुलगा काही म्हणो, डॉक्टर काही म्हणो, त्याचा शब्द अंतिम. तीन बैठका भांडलो. शेवटी सचिव म्हणाले, ‘सर, तुम्ही जिंकलात.’ का नाही म्हणणार? पडण्याचा आवाज ओळखणारं यंत्र महाग होतं, माझं वाक्य फुकट होतं. हे मला तेव्हा कळलं नाही — कळलं होतं, अंधुक का होईना कळलं होतं, पण जिंकलेला माणूस खोलात जात नाही.

आणि गंमत अशी — हसलात तरी चालेल — की माझा सगळा अभ्यास याच्या उलट सांगतो. कथेतली सासुरवाशीण आपलं दुःख कुणाला सांगते? विहिरीला. झाडाला. फार तर एखाद्या मुक्या जनावराला. आणि दारी आलेल्या परक्याला? ‘बरं चाललंय.’ शेकड्यांनी गोळा केल्या मी या कथा, प्रबंध लिहिला यावर, आणि त्या बैठकीत मला वाटलं, हा डबा म्हणजे विहीर आहे. आईच्या लेखी तो पाहुणा निघाला. रोज ठरल्या वेळी येणारा, गोड बोलणारा पाहुणा. त्याला ती म्हणते, ‘बरं आहे हो बाळा, तुझं कसं काय?’

पडली त्या दिवशीही तेच म्हणाली. साडेआठला बाथरूमच्या उंबऱ्याशी पडली, उठता येईना, नऊला यानं विचारलं, आणि तिनं फरशीवरून उत्तर दिलं — तुमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे, मी ऐकलंय — ‘बरं आहे हो.’ आवाज जरा बारीक, इतकंच. दिवा हिरवा. शेजारच्या काकूंना कळलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

मी कुठं होतो? परगावी, परिषदेत. कलम सातवर बोलायला. मोबाईलवर आलं, ‘स्थिती समाधानकारक’, आणि मी व्यासपीठावर गेलो. — नाही, असं नाही झालं. मधे मी फोन केला होता. हे बहिणीलाही सांगितलेलं नाही. आईच्या गळ्यात मोबाईल असतो, तिनं उचलला, म्हणाली, ‘बरं आहे, तू भाषण नीट कर.’ मागं नळ वाहत होता. चांगला ऐकू येत होता मला. आणि मी म्हटलं, ठेवतो मग.

तर तुम्ही एवढंच करा. इस्पितळानं नर्सबाईंच्या रोजच्या भेटींचे बांधून दिलेले सहा आठवडे या शुक्रवारी संपतात; आजचंही उत्तर तेच आलं तर सोमवारपासून नर्सबाई बंद, आणि तिला एकटीला कूस बदलता येत नाही. त्या कागदावर शेरा लिहा, मुलाचं म्हणणं असं असं आहे म्हणून. — रकाना नाही? ठाऊक आहे. मीच काढायला लावला. मुलं आईबापांच्या नावावर आपलंच बोलतात, म्हणून. काल हात जोडले तिच्यापुढं — आई, एकदा, फक्त एकदा म्हण, दुखतंय. तर म्हणते, ‘तुझंच यंत्र ना ते? त्याच्यापाशी गाऱ्हाणं केलं तर तुझं नाव खाली नाही का जाणार?’

थांबा. वाजले नऊ. विचारतोय तो.

…

ऐकलंत? — आता ती त्याचीच विचारपूस करतेय.

द्या इकडे तो कागद. कुठं करायची सही, इथं? यंत्र सुस्थितीत आहे. जाताना बाहेरचं दार ओढून घ्या.